एकेचाळीस आकड्यांची रांगोळी

आमच्या रांगोळी गटाबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. गट शनिवार पेठेतला आहे आणि तो मी चालवते. माझं नाव सुनीती मेहेंदळे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, गुडघे कुरकुरतात, पण चिमटीतून सोडलेली माझी रेघ आजही हलत नाही. लग्न, मुंज, मिरवणूक, कुठल्या तरी मंत्र्याचं स्वागत, काय हवं ते सांगा, आम्ही काढून देतो. मोर तर इतके काढलेत की हल्ली मोर दिसला की मला जांभई येते.

त्यामुळे माझी सून रुपाली जेवताना म्हणाली की, "आई, शाळेच्या शताब्दीला मोर नको. एक संख्या काढाल का?" तेव्हा मी पोळी खाली ठेवली.

रुपाली यवतमाळची. आमोदशी लग्न होऊन पुण्यात आली आणि आमच्याच पेठेतल्या कन्याशाळेत गणित शिकवायला लागली. मीही त्याच शाळेची. गणिताशी मात्र माझं कधी जमलं नाही. लसावि काढायला सांगितला की मी हमखास मसावि काढून मोकळी व्हायचे. त्यामुळे घरात गणिताची सून आली तेव्हा शेजारणींनी मला बराच उपदेश केला होता. मी तो ऐकून घेतला आणि विसरले.

"संख्या म्हणजे शंभर?" मी विचारलं. "तीन आकड्यांत काय रांगोळी होणार?"

"शंभर नाही. शाळेच्या पहिल्या वर्षापासून शंभराव्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षाने जिला भाग जातो, ती."

आमोद संगणकावर काम करून दमलेला असतो, तरी तो म्हणाला, "सोपं आहे. एक ते शंभर सगळे गुणून टाक."

"ती फार फुगते, आणि उगाच फुगते." रुपालीने माझ्याकडे वळून सांगितलं. "आई, लाडू समजा. पंगतीला किती जणी येणार ते माहीत नाही. एक येईल, बारा येतील, सत्त्याण्णव येतील, शंभर येतील. कितीही आल्या तरी सगळ्यांना सारखे वाटायचे आणि ताटात एकही उरता कामा नये. असे कमीत कमी किती लाडू वळायचे? दहा जणींपर्यंत असेल तर दोन हजार पाचशे वीस पुरतात. शंभरापर्यंत हवे असतील तर संख्या एकेचाळीस आकडी होते."

"आणि सगळ्यांसाठी वेगवेगळे धरायचे नाहीत?"

"नाही ना. तीन, चार आणि पाच यांची सोय केली की साठाची आपोआप होते. त्याला वेगळं काही लागत नाही. पण सत्त्याण्णव हट्टी आहे. मूळ संख्या. त्याचा मान त्यालाच द्यावा लागतो. तशा पंचवीस जणी आहेत शंभरात, आधीच्या कोणाच्याच सोयीत न भागणाऱ्या."

तिने कॅलेंडरच्या पाठीमागे ती संख्या लिहिली. तीन-तीन आकडे तोडून.

६९ ७२० ३७५ २२९ ७१२ ४७७ १६४ ५३३ ८०८ ९३५ ३१२ ३०३ ५५६ ८००

मी बराच वेळ बघत बसले. खरं सांगायचं तर मला त्यात काही दिसलं नाही. पण रुपालीचा चेहरा दिसत होता. माहेरचं कोणी येणार असलं की तिचा चेहरा असा होतो. "ही कोणालाच नाही म्हणत नाही, आई," ती म्हणाली. मी म्हणाले, "काढू."

शाळेच्या सभेत मात्र तिला ते सोपं गेलं नाही. मी माजी विद्यार्थिनी म्हणून मागे बसले होते. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "लोकांना काय कळणार आहे? कसलेही आकडे मांडलेत असंच म्हणतील. त्यापेक्षा मोर काय वाईट?" दुसरे हसून म्हणाले, "बाई नव्या आहेत. पुण्यात असं चालत नाही." पुण्यात काय चालतं ते मी त्यांना सांगणारच होते, तेवढ्यात रुपाली उभी राहिली. म्हणाली, "कसलेही आकडे नाहीत. निमंत्रणपत्रिकेवर छापा. आपल्या शाळेच्या कोणत्याही वर्षाच्या मुलीने यावं, आपल्या वर्षाने त्या संख्येला भागावं. बाकी उरली तर मी जबाबदार."

आणि त्यांनी ते खरोखर छापलं. खाली तिचं नाव घालून. तिला अडकवायलाच छापलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

म्हणजे आता शंभर वर्षांच्या मुलींना तिने शब्द दिला होता आणि तो शब्द रस्त्यावर उमटवायचं काम माझ्या हातात होतं. माझी बोटं काय करू शकतात याची मला खात्री होती. इतकी खात्री की मी जरा मिरवतही होते.

आता आमची कामाची पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठी रांगोळी आम्ही दोन्ही टोकांकडून सुरू करतो. डावी फळी भाग्यश्रीची, उजवी माझी. भाग्यश्री माझ्याच वर्गातली, माझ्याच वर्षाची, शाळेच्या एक्कावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेली. तिच्या जिभेला धार आहे, पण हात सोन्याचा आहे. दोन्ही फळ्या सरकत सरकत मध्याकडे येतात आणि शेवटी दोन जागा उरतात. तिथे आम्ही गाठ मारतो. म्हणजे मी पलीकडे जाऊन डाव्या फळीची शेवटची जागा भरते आणि भाग्यश्री अलीकडे येऊन उजव्या फळीची भरते. पूर्वी अर्धी रांगोळी कोणाची चांगली यावरून गटात अबोले व्हायचे. तेव्हा एका जुन्या बाईंनी ही रीत घालून दिली, की शेवटचा हात दुसरीच्या भागात फिरवायचा, म्हणजे सगळी रांगोळी सगळ्यांची. गाठ बसली की मग रांगोळीला कोणी हात लावायचा नाही. आमच्या गटाने गाठ बसलेली रांगोळी कधी पुसली नव्हती. हे मी अभिमानाने सांगत असे.

त्या रविवारी सकाळी शाळेसमोरचा रस्ता बंद करून आम्ही बसलो. मी उजवीकडून सुरुवात केल्यामुळे मला संख्या उलटी काढायची होती. शून्य, शून्य, आठ, सहा, पाच, पाच, तीन, असं मी आठवडाभर स्वयंपाक करताना म्हणत होते. प्रत्येक आकडा पाटाएवढा, आत वेल, कडेला ठिपके. दर तीन आकड्यांनंतर झेंडूचं एक फूल. माझं म्हणणं होतं की आपल्या लाख-कोटीच्या रिवाजाने दोन-दोन तोडावेत, पण रुपालीने हट्ट धरला की तीन-तीनच हवेत, तिला मग तपासायला बरं पडतं. मी म्हटलं, बघून काढलेलं काय तपासणार आहेस? ती नुसती हसली.

बंद रस्त्यावरही स्कूटर घुसवणारे लोक आपल्याकडे असतातच. एक जण थांबून म्हणाला, "एवढा लांबलचक मोबाईल नंबर कोणाचा हो?"

"लावून बघा," भाग्यश्री मान वर न करता म्हणाली. "उचलला तर आम्हालाही सांगा."

ऊन चढायच्या आत दोन्ही फळ्या भिडल्या. डावीकडून भाग्यश्रीच्या मुली १ वर येऊन थांबल्या होत्या, उजवीकडून आम्ही ५ वर. मध्ये दोन जागा. भाग्यश्रीच्या वाट्याचा शेवटचा आकडा सहा, माझ्या वाट्याचा चार. आम्ही दोघी उठलो, पदर खोचले, एकमेकींच्या बाजूला गेलो आणि बसलो. तिने तिचा सहा काढला, मी माझा चार काढला. असा चार मी आयुष्यात काढला नसेल. गटाने टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं की मी गुडघेही विसरले.

रुपाली शाळेतून बाहेर आली. ती टोकापासून टोकापर्यंत चालत गेली, हात पाठीशी बांधून, पेपर तपासायला घेतल्यासारखी. मग म्हणाली, "फार सुंदर झालंय, आई." आणि लगेच, "आता मोजू का?"

"मोज की," मी म्हणाले.

तिने आधी सगळ्या आकड्यांची बेरीज केली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल अशी. एकशे एक्काहत्तर आली. "एकशे एक्काहत्तराला नवाने भाग जातो. म्हणजे नऊ बसला, तीन बसला. शेवटी आठशे आहेत, म्हणजे दोन, चार, आठ, पाच, दहा सगळे बसले." पुन्हा टाळ्या. मी भाग्यश्रीकडे बघितलं. तिने भुवया उडवल्या, म्हणजे तिच्या भाषेत शाबासकी.

मग रुपाली उजव्या टोकाला गेली. "आता सात, अकरा आणि तेरा. तिघांची एकच परीक्षा आहे, कारण तिघांचा गुणाकार एक हजार एक येतो. तीन आकड्यांचा एक गट मिळवायचा, पुढचा वजा करायचा, त्याच्या पुढचा मिळवायचा. शेवटी एक हजार एक आले पाहिजेत. घरी बरोबर तेवढेच आले होते." ती फुलाफुलावर थांबत डावीकडे निघाली. आठशे, वजा पाचशे छप्पन, अधिक तीनशे तीन. तिचा आवाज खणखणीत होता. मध्यावर गेल्यावर तो जरा कमी झाला. शेवटच्या एकोणसत्तरापाशी ती थांबली.

मग परत आली आणि पुन्हा पहिल्यापासून गेली. या वेळी मनातल्या मनात.

"काय गं?" मी विचारलं.

"एक हजार एकोणीस येतात." तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घाबरली की ती थेट यवतमाळला पोचते. "आई, अठरा जास्त येऊन राहिले. काहून येऊन राहिले?"

"तुझंच कुठे तरी चुकलं असेल," भाग्यश्री म्हणाली.

"नाही काकू. दोनदा केलं." तिने डोळे मिटले. मग हळूहळू बोलायला लागली, आमच्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त. "बेरीज जुळली. म्हणजे आकडे सगळे तेच आहेत, कमी-जास्त झालेले नाहीत. जागा बदलल्यात. शेजारचे दोन आकडे उलटे बसले की फरक नवाच्या पटीत पडतो, म्हणून नवाला कळलं नाही. अठरा म्हणजे नवाची दुप्पट. म्हणजे दोन शेजारी आहेत, त्यांच्यात दोनाचा फरक आहे, आणि ते एकमेकांच्या जागी बसलेत."

ती अजून डोळे मिटूनच होती. तिने पुन्हा रस्त्याकडे बघितलंही नव्हतं. मला मात्र बघायची गरजच नव्हती.

"सहा आणि चार," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"गाठ," मी म्हणाले. "आम्ही जागा बदलतो आणि आपापला हात घेऊन जातो. फुलांच्या पाकळ्या दोन्हीकडे सारख्याच असतात गं. वेलीची पानंही सारखी. आजवर कधी फरकच पडला नाही."

आम्ही तिघी मध्यावर जाऊन उभ्या राहिलो. तिथे १४६ होतं. १६४ हवं होतं. काय डौलदार चार होता तो! मला रडू आलं आणि रागही आला. राग कोणाचा ते कळेना.

भाग्यश्री सगळ्यांत आधी सावरली. तिने आवाज खाली घेतला. "हे बघ सुनीती, गाठ बसलीये. आपण हात लावत नाही. आणि कोण भागायला बसलंय इथे? दोन, पाच, नऊ, दहा, शंभर यांनी भाग जातोय ना? लोक तेवढंच करून बघतात. झाकली मूठ राहू दे."

"झाकली कुठे आहे, रस्त्यावर पसरलीये," मी म्हणाले. पण खरं सांगते, क्षणभर माझाही विचार तोच होता. एक चार आणि एक सहा. आमच्या तिघींशिवाय कोणाला कळलं नव्हतं. पाहुण्या यायची वेळ झाली होती. आणि गाठ बसलेली रांगोळी आम्ही पुसत नाही, हे मी किती जणांना किती वेळा ऐकवलं होतं.

मी रुपालीकडे बघितलं. तिने रडारड केली नाही, हट्टही केला नाही. ती एवढंच म्हणाली, "मग ही ती संख्या नाही, आई. ही दुसरीच कोणीतरी आहे. ही सातव्या वर्षाच्या मुलींना परत पाठवते. अकराव्या, तेराव्या, सतराव्या. ज्यांना ज्यांना आपला स्वतःचा मान हवा होता त्या सगळ्या गेल्या. फक्त दोन, तीन, पाच एवढ्यांवर ज्यांचं भागतं त्याच राहिल्या, आणि त्यातल्याही सत्तावीससारख्या काही नाहीतच." मग भाग्यश्रीकडे वळून म्हणाली, "काकू, एक्कावन्नही गेलं. तीन सतरे एक्कावन्न."

"एक्कावन्न?" भाग्यश्रीचा आवाज चढला. "म्हणजे आपलं?"

"हो."

"आमच्याच हाताने आमचंच वर्ष बाहेर?" ती माझ्याकडे वळली. "सुनीती, कुंचा आण."

रुपालीने नंतर घरी नीट मोजून सांगितलं. त्या दोन आकड्यांच्या अदलाबदलीने शंभरातल्या एकोणसत्तर वर्षांना नकार मिळाला असता. एकोणसत्तर! दोन बायकांनी जागा बदलल्या म्हणून.

मी रस्त्यावर बसले. गटातल्या सगळ्या जणी बघत होत्या. कोणीतरी "अहो सुनीतीताई, काय करताय" म्हणालं. मी मऊ कुंच्याने माझा चार झाडला. मग भाग्यश्रीचा सहा. डांबरावर पांढुरका डाग राहिला. कोरड्या फडक्याने कितीही पुसलं तरी तो पूर्ण जाईना, आणि पाणी लावलं असतं तर रांगोळी बसली नसती. भाग्यश्री म्हणाली, वर झेंडूच्या पाकळ्या पसरू, दिसणार नाही.

"दिसू दे," मी म्हणाले. असं वाटत होतं की इतक्या वर्षांत या हाताने पहिल्यांदाच काहीतरी विचार करून केलंय.

मग मी माझ्या जागेकडे सरकायला लागले, तर भाग्यश्रीने माझा दंड धरला. "कुठे चाललीस? गाठ मारायची ना? जागा बदलायच्याच. फक्त या वेळी माझा सहा तू काढ. तुझा चार मी काढते."

मी तिच्या बाजूला बसले आणि तिचा सहा काढला. तिने माझा चार काढला. तिचा चार माझ्यापेक्षा बरा आला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण त्या जुन्या बाईंनी जागा बदलायची रीत का घातली होती, ते मला इतक्या वर्षांनी तिथे डांबरावर बसल्यावर नीट समजलं. दुसरीच्या जागी जायचं म्हणजे दुसरीचं काम करायचं, आपलं तिथे नेऊन थापायचं नाही.

रुपाली पुन्हा उजव्या टोकाला गेली. या वेळी तिच्या मागून अख्खा गट चालत होता आणि तिच्याबरोबर मोठ्याने बोलत होता. आठशे, वजा पाचशे छप्पन. दोनशे चव्वेचाळीस. अधिक तीनशे तीन. काही जणींचं चुकत होतं, ती थांबून सांगत होती. माझ्या जन्मात मी गणित इतक्या मोठ्याने म्हटलं नव्हतं. आम्ही मध्यावरून पुढे गेलो. वजा तीनशे पंचाहत्तर, उरले तीनशे पन्नास. अधिक सातशे वीस, एक हजार सत्तर. वजा एकोणसत्तर.

"एक हजार एक!" सगळ्या एकदम ओरडल्या. खिडक्यांतून लोक डोकावले. भाग्यश्रीने रुपालीचे दोन्ही गाल ओढले, जे तिने स्वतःच्या सुनेचेही कधी ओढले नसतील.

थोड्याच वेळात माजी विद्यार्थिनी यायला लागल्या. प्रत्येकीच्या खांद्यावर आपल्या वर्षाच्या आकड्याची फीत. मुख्य पाहुण्या हिराताई खरे रिक्षातून उतरल्या. नव्वदीच्या, हातात काठी, खांद्यावर सत्तावीस. शाळेतून निघून गणितात एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी म्हणजे त्या, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यांना लगबगीने आत न्यायला विश्वस्त पुढे झाले, तर त्यांनी काठीनेच त्यांना बाजूला केलं.

"पत्रिकेत लिहिलंय, भागून बघा," त्या म्हणाल्या. "बघू तरी द्या."

त्या डाव्या टोकाला उभ्या राहिल्या. ओठ हलायला लागले. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत त्या सावकाश चालत होत्या आणि त्यांच्या मागे विश्वस्त, मुख्याध्यापिका, आम्ही सगळ्या, अशी वरातच चालली होती. रुपाली माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरला होता आणि तिचा तळवा ओला होता.

मध्यावर हिराताई थांबल्या. डागाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुढे गेल्या. शेवटच्या आठशेपाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "नुसती बेरीज केली तीन-तीनाच्या गटांची. सहा हजार नऊशे त्र्याण्णव. त्यातले सहा उचलून नऊशे त्र्याण्णवात टाकले की नऊशे नव्व्याण्णव. आणि सत्तावीस सदतिसे नऊशे नव्व्याण्णव." त्यांनी काठी रस्त्यावर आपटली. "आमचं वर्ष बसलं हो! कोणाची ही संख्या?"

रुपाली पुढे झाली आणि वाकून नमस्कार केला.

"आणि पुढच्या वर्षीच्या मुलींचं काय?" हिराताईंनी विचारलं. "एकशे एक?"

"नाही जात," रुपाली म्हणाली. "सदतीस उरतात. त्यांच्यासाठी अख्खी संख्या एकशे एकाने गुणावी लागेल."

"म्हणजे शोधून ठेवलंयस." त्या हसल्या. "बरं आहे. शाळा चालू राहणार असं दिसतंय."

माझी छाती इतकी भरून आली की मला दोन मिनिटं बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. पदराने डोळे पुसले. रांगोळीची पूड डोळ्यात गेली म्हणून सगळ्यांना सांगितलं.

सभागृहात भाषणं झाली. मोर सुचवणारे गृहस्थ गणिताचं महत्त्व या विषयावर बराच वेळ बोलले. मग मुख्याध्यापिका आभार मानायला उठल्या. गटाचं कौतुक करताना म्हणाल्या, "सुनीतीताई मेहेंदळे यांच्या गटाची परंपरा आपण जाणताच. पुसणं नाही, खोडणं नाही. आजचीही रांगोळी पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत निर्दोष."

टाळ्या सुरू झाल्या. भाग्यश्रीने माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले.

"निर्दोष नाही," मी म्हणाले. मला माइक लागत नाही, टेलिफोन खात्यात होते. "चुकली होती. माझा चार आणि हिचा सहा उलटे पडले होते. डाग अजून बाहेर आहे, जाताना बघून जा. पुसून पुन्हा काढली. गाठ बसल्यावर पुसलेली आमची ही पहिली रांगोळी, आणि ती आमची सगळ्यांत चांगली रांगोळी आहे."

विश्वस्त आपल्या चपलांकडे बघत होते. पहिल्या रांगेत हिराताईंनी कानामागे हात धरला होता.

"चूक पकडली ती माझ्या सुनेने," मी आणखी मोठ्याने म्हणाले. "कागद न बघता. पुन्हा रस्त्याकडेही न बघता. डोळे मिटून. अठरा जास्त येतात म्हणाली आणि दोन शेजारी एकमेकांच्या जागी बसलेत ते सांगितलं. रुपाली तिचं नाव. यवतमाळची आहे. इथे गणित शिकवते. मला लसावि आणि मसावि यातला फरक साठी उलटल्यावर हिने शिकवला."

आता हिराताई टाळ्या वाजवत होत्या, आणि मग सगळेच वाजवायला लागले. रुपालीचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने माझा पदर खालून ओढला.

"आई, बसा ना जी खाली," ती पुटपुटली.

मी बसले नाही.